फुकटच्या कामाची किंमत: गावच्या श्रमदानाचा हिशेब कसा मांडायचा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. शाळा, पंचायती, क्रीडा मंडळे आणि देवस्थान समित्या यांच्या कार्यक्रमांत स्वयंसेवेच्या महत्त्वावर बोलायला त्यामुळे निमित्त मिळाले. पण एखाद्याने सरळ विचारले, की हे महत्त्व म्हणजे नेमके किती, पंचवीस माणसांनी रविवारची सकाळ दिली तर गावाच्या पदरात काय पडले, तर उत्तर बहुतेक वेळा पुण्य, समाधान, एकी अशा शब्दांत येते. हे शब्द खोटे नाहीत. पंचायतीच्या अंदाजपत्रकात मात्र ते मांडता येत नाहीत, आणि जे मांडता येत नाही त्याला पुढे निधीही मिळत नाही, कुदळ-फावडीही नाहीत.

अर्थशास्त्राकडे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते उपयोगी आहे आणि अपुरेही आहे. ते कुठे अपुरे पडते, हे गोव्यातल्या खाजण शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या भरतीच्या पातळीखालच्या शेतीच्या, बांधावर गेले की स्वच्छ दिसते. म्हणून आधी आकडेमोड पाहू, मग बांधावर जाऊ.

स्वयंसेवा कशाला म्हणायचे?

कामगारविषयक आकडेवारी सगळ्या देशांत एका पद्धतीने गोळा व्हावी, यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना संख्याशास्त्रज्ञांची परिषद भरवते. २०१३च्या परिषदेने स्वयंसेवेची व्याख्या ठरवली: मोबदला न घेता आणि सक्ती नसताना दुसऱ्यांसाठी वस्तू तयार करणे किंवा सेवा देणे. मागच्या चार आठवड्यांत असे काम निदान एक तास केले असेल, तर तो माणूस मोजणीत स्वयंसेवक धरायचा.

या व्याख्येतला प्रत्येक शब्द चाळणीचे काम करतो. मोबदला नाही म्हणजे चहा-भजी आणि बसचे भाडेही नाही, असे नव्हे. स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी अशी छोटी मदत मिळाली तरी ते काम स्वयंसेवाच राहते. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पेट्रोलचे पैसे घेतले म्हणून एखाद्या कार्यकर्त्याला गावात टोमणे ऐकावे लागतात. ते टोमणे चुकीचे आहेत. ज्याच्या खिशात शंभर रुपये जास्त नाहीत, त्यालाही गावासाठी काम करता आले पाहिजे.

दुसऱ्यांसाठी या शब्दामुळे स्वतःच्या घरचे काम आणि वेगळ्या घरात राहणाऱ्या आपल्याच नातलगांचे काम बाहेर पडते. सक्ती नसताना या अटीमुळे आणखी काही गोष्टी गळतात. भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. न्यायालयाने सांगितले म्हणून रस्ता झाडणारा माणूस स्वयंसेवक ठरत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. योजनेत जायचे की नाही हे विद्यार्थी ठरवतो, म्हणून ती स्वयंसेवा. पण गुणांच्या भीतीने सगळ्या वर्गाची नावे एकदम घातली, तर तिथे हा शब्द वापरू नये.

एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही काम संस्थेमार्फत होते, काही थेट माणसाकडून माणसाकडे. शेजारच्या आजींना स्कूटरवर बसवून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेणे, त्यांच्यासाठी केसपेपरच्या रांगेत उभे राहणे, हेही व्याख्येत बसते. गावातली बरीच स्वयंसेवा या दुसऱ्या प्रकारची असते आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

पैशात मोजायचे तर

रीत सोपी आहे. किती माणसे, किती तास, आणि त्या कामाला गडी लावला असता तर ताशी किती द्यावे लागले असते. याला बदली खर्चाची पद्धत म्हणतात. पंचवीस माणसे चार तास राबली, म्हणजे शंभर मनुष्यतास झाले. रोजगार हमी योजनेत २०२४–२५ मध्ये गोव्याचा दर दिवसाला ३५६ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर ताशी ४४ रुपये ५० पैसे, म्हणून शंभर तासांचे ४,४५० रुपये. बाजारात गड्याची मजुरी याहून बरीच जास्त आहे. ती तिप्पट धरली तरी आकडा १३,३५० रुपयांवर थांबतो.

दुसरी पद्धत अशी, की येणाऱ्या प्रत्येकाने त्या चार तासांत स्वतःच्या धंद्यात किती कमावले असते ते मोजायचे. ती गावच्या कामाला लावू नये. तसे केले तर डॉक्टरने उचललेली मातीची पाटी मजुराने उचललेल्या पाटीपेक्षा कितीतरी महाग ठरेल, आणि बांधावर माती तर तेवढीच पडलेली असेल.

या रकमेतून खर्चही वजा करायला हवा: नाश्ता, हातमोजे, टेम्पोचे भाडे, आणि ज्याने आठवडाभर फोन करून माणसे जमवली त्याचे तास. स्वयंसेवा गावाला स्वस्त पडते, फुकट पडत नाही. हा खर्च कोणी लपवून स्वतःच्या खिशातून भरत राहिला, तर दोन-तीन वर्षांत तो थकतो आणि उपक्रम बंद पडतो.

देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात हे पैसे दिसतात का? अर्धेमुर्धे. राष्ट्रीय लेख्यांचे आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत, की गावाने मिळून विहीर बांधली तर तिची किंमत उत्पादनात धरता येते. त्याच गावात कोणी संध्याकाळी मुलांना फुकट गणित शिकवले, तर ती सेवा हिशेबाबाहेर राहते. ही पोकळी थोडी भरून काढायला वेळ-वापर सर्वेक्षण उपयोगी पडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ते २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केले. सहा वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींनी पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंत काय केले, ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या खान्यांत त्यात लिहून घेतात. त्यात बिनमोबदला स्वयंसेवेला स्वतःचा रकाना आहे. सरकारी पाहणीत या कामाला जागा मिळाली, ही चांगली सुरुवात आहे.

तरीही ४,४५० रुपये हा आकडा पाहून कोणाचेही मन खट्टू होईल. पंचवीस माणसांची सकाळ आणि किंमत एवढीच? इथेच मजुरीचा हिशेब अपुरा पडतो.

बांधावरचे एक भोक

गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, बोरी, शिरोडा, कोरगाव अशा कितीतरी गावांत ती दिसेल. ही शेते नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खारे पाणी आत येऊ नये म्हणून नदीकडेने चिकण मातीचा बांध असतो, नदीच्या बाजूने त्याला पुष्कळ ठिकाणी चिऱ्यांचे अस्तर असते. बांधात ठरावीक जागी मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी झडप ढकलून आपोआप बंद करते, ओहोटीला आतले पाणी तिला बाहेर लोटते आणि दार उघडते. पहिल्या पावसात जमिनीतले मीठ धुतले जाते, ते पाणी मानशीतून नदीत जाते आणि मग कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात उभे राहते.

या सगळ्या व्यवस्थेचा शत्रू फार लहान आहे. खेकडा बांधात बीळ करतो. बीळ नदीकडून शेताकडे आरपार गेले की भरतीला त्यातून पाणी वाहू लागते. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा एक मीटर वर असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे ते मोकळ्या भोकातून सेकंदाला ४.४ मीटरपर्यंत वेग घेऊ शकते. मातीच्या घर्षणाने प्रत्यक्ष वेग कमी होतो, पण चिखलाचे कण उचलून न्यायला तेवढाही पुरतो. कण गेले की भोक रुंदावते, रुंदावले की पाणी वाढते, पाणी वाढले की आणखी कण जातात. एखाद्या उधाणाच्या रात्री वरची माती खचते आणि बांधाला भगदाड पडते.

कौलारू घराचेही असेच असते. मे महिन्यात सरकलेले एक कौल नीट बसवायला दहा मिनिटे लागतात. ते राहिले तर पावसाळाभर पाणी झिरपून वासा कुजतो आणि मग सुतार, लाकूड, परांची असा सगळा खर्च अंगावर येतो.

बांधावरचे बीळ वेळेत दिसले, तर दोन माणसे, एक तास आणि पाच-दहा पाट्या चिकण माती यांत काम संपते. भगदाड पडल्यावर मात्र अरुंद, मऊ बांधावर यंत्र जात नाही. दगड-माती होडीने आणावी लागते. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांना आपला वेळ लागतो आणि रोज दोनदा येणारी भरती कोणासाठी थांबत नाही. दरम्यान शेतात खारे पाणी बसते. त्या वर्षीचे पीक जातेच, शिवाय मातीत मुरलेले मीठ एका पावसात धुऊन निघेल याची खात्री नसते.

आता हिशेब पुन्हा मांडू. समजा एका बांधामागे वीस हेक्टर भात आहे आणि खर्च वजा जाता हेक्टरी वीस हजार रुपये उरतात. म्हणजे हंगामाचे चार लाख. दुरुस्ती न केल्यास बांध फुटण्याचा धोका दहांत एक धरला, तर त्या सकाळच्या कामाने सरासरी चाळीस हजारांचे नुकसान टळले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या गावाचे खरे आकडे घालून कोणालाही ते बदलता येतील. रीत मात्र हीच: नुकसानीची शक्यता गुणिले नुकसान. मजुरीच्या हिशेबाच्या जवळजवळ नऊपट रक्कम इथे येते, आणि त्यात पुढच्या वर्षीचे पीक धरलेलेच नाही.

हा फरक कशामुळे पडतो? स्वयंसेवकाचे हात मजुराच्या हातांपेक्षा बळकट नसतात. तो तिथे राहतो, रोज बांधावरून जातो, पाण्याचा रंग बदललेला त्याला त्याच दिवशी दिसतो आणि संध्याकाळच्या आत तो दोघांना हाक मारू शकतो, हे कारण आहे. गावच्या स्वयंसेवेची खरी किंमत कामाच्या तासांपेक्षा काम वेळेवर होण्यात आहे. महिन्यातून एकदा येणारा पर्यवेक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी दोन भेटींच्या मधल्या साठेक भरत्या त्याने पाहिलेल्या नसतात.

म्हादई अभयारण्यात मार्च २०२३ मध्ये वणवे लागले तेव्हाही हेच दिसले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. पण डोंगरउतारावर पाला बाजूला सारून धग विझवायला, पायवाटा माहीत असलेली माणसे वनखात्याबरोबर चढावीच लागली.

बांध दुरुस्तीची एक सकाळ

कामाला यायची इच्छा पुष्कळांना असते. फसते ते दिवस निवडण्यात आणि माती निवडण्यात.

दिवस भांगाचा, म्हणजे कमी भरतीचा, घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी सर्वांत जास्त चढते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. पण पाहणी मात्र आधीच्या उधाणात करायची, कारण गळती तेव्हाच दिसते. भरती पूर्ण चढलेली असताना दोघांनी बांधाच्या शेताकडच्या पायथ्याने चालत जावे. पाझर दिसेल तिथे लाल फडके बांधलेली काठी रोवावी. पाझराचे पाणी स्वच्छ असेल तर घाई नाही. गढूळ असेल तर बांधातली माती बाहेर येते आहे असे समजावे आणि ते काम पहिले धरावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून रविवार नक्की करण्याआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे. भरती ओसरू लागल्यावर दोन तासांनी सुरुवात केली तर चार तासांचे काम निवांत बसते.

बीळ नदीच्या बाजूने बुजवायचे. हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम आहे. शेताकडे पाणी दिसते म्हणून लोक शेताकडचे तोंड बंद करतात. मग पाणी बांधाच्या पोटात अडकते, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटते. नदीकडचे तोंड शोधून बीळ जिथवर जाते तिथवर उकरावे, वरवर बोळा कोंबू नये. मग चिकण माती घालावी. एका वेळी साधारण १५ सेंटिमीटरचा थर, तो पायांनी चांगला तुडवायचा, मगच पुढचा थर. माती योग्य आहे का हे पाहायला ओला गोळा तळहातावर वळावा. न तुटता त्याची बारीक लांब वळी झाली तर ती चालते. रेती, लाल मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा अजिबात घालू नये, त्यातून पाणी वाट काढते. सिमेंटचा गिलावाही टिकत नाही. मातीचा बांध ओला-सुका होताना हलतो, सिमेंट हलत नाही, आणि दोघांच्या मधल्या फटीत नवे बीळ तयार होते.

माती बांधाच्या पायथ्याशीच खणणे ही दुसरी नेहमीची चूक. आधार गेला की पावसात तोच उतार घसरतो. खड्डा पायथ्यापासून निदान पाच-सहा मीटर लांब हवा.

पंचवीस जणांची वाटणी अशी करता येते: पाच जण खणायला, बारा जण पाट्यांच्या साखळीत, चौघे तुडवायला, दोघे पाण्यावर आणि जखमांवर लक्ष ठेवायला, एक जण पिण्याचे पाणी व सरबत द्यायला, एक जण नोंद लिहायला. बारांच्या जागी आठच आले तर साखळी ताणू नये, खड्डा जवळच्या योग्य जागी हलवावा. बूट सर्वांच्या पायांत हवेत. चिखलातल्या कालवांच्या कवचांनी पाय कापतो, आणि उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून आधीची जखम असलेल्याने चिखलात उतरू नये.

कामाआधी मालकीही विचारावी. बांध कोमुनिदादचा, म्हणजे जुन्या गावकीच्या सामाईक मालकीच्या संस्थेचा, असेल किंवा कूळ संघाच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघाच्या, देखभालीत असेल. संबंधितांना पत्र द्यावे, त्याची प्रत कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाला द्यावी. बांधाच्या कडेची खारफुटी साफसफाई म्हणून तोडू नये. ती लाटांचा मार झेलते आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे.

पूर्वी सगळा गाव यायचा, आता का नाही?

माणसे स्वार्थी झाली, हे उत्तर पटण्यासारखे नाही. गावकरी पद्धतीत बांध राखणे ही ऐच्छिक गोष्ट नव्हती, ते बंधन होते. त्याबरोबर हक्कही होता: गावकीच्या उत्पन्नातला वाटा, म्हणजे जोण, गावकऱ्यांच्या पुरुष वारसांना मिळे. प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्या पुष्कळांना तो मिळत नसे. जुन्या व्यवस्थेची आठवण काढताना तिच्यातली ही विषमता विसरू नये. आजच्या व्याख्येप्रमाणे त्यातले बरेचसे काम स्वयंसेवा ठरणार नाही.

पुढे कायदे बदलले. १९६४चा कूळ कायदा आला, १९७५च्या नियमांनी सामाईक जबाबदारीसाठी कूळ संघ उभे राहिले, १९७६च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे न्यायाचे पाऊल होते. मात्र बांधाची जबाबदारी आता संघावर आली आणि अनेक संघ कागदावरच राहिले. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तिचे पैसे येतात. पावणी घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी आत हवे असते, भातवाल्याला ते नको असते. हा हितसंबंधांचा पेच श्रमदानाने सुटत नाही, तो सर्वसाधारण सभेतच सोडवावा लागतो. त्यातून जमीन पडीक पडली, की रोज बांधावरून चालणारे पायच नाहीसे होतात.

म्हणून माणसे जमवताना केवळ भावनिक आवाहन करून थांबू नये. येणाऱ्याला त्या बांधात काहीतरी दिसले पाहिजे: स्वतःचे शेत, खारे होऊ नये अशी विहीर, मुलांना दाखवायची मानस, किंवा निदान ठरलेले छोटे काम. दर महिन्याला शंभर मीटर बांध चालून पाहणारी दहा माणसे, वर्षातून एकदा फलक घेऊन येणाऱ्या शंभरांपेक्षा गावाला जास्त उपयोगी आहेत.

चांगल्या मनाने केलेले नुकसान

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले निघायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. घरटे दिसल्यावर अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवावीत असे कोणालाही वाटेल. पण घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर गर्भ मरतो. पिल्ले बाहेर आल्यावर उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून मदतीसाठी लावलेला मोबाइलचा टॉर्च त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतो. इथे स्वयंसेवकाचे काम वेगळे आहे: वनखात्याला कळवणे, लोकांना दूर ठेवणे, दिवे बंद करायला सांगणे, रात्री कुत्र्यांवर नजर ठेवणे. हात न लावणे हेही कामच.

वणव्यातही तसेच. प्रशिक्षण नसताना उताराच्या वरच्या बाजूने आगीसमोर जाऊ नये, कारण आग चढावर वेगाने धावते. नवख्यांनी मागे राहून पाणी पुरवावे आणि जाळरेषेवरचा, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा, पाला ओढावा. आपत्ती व्यवस्थापनासाठी केंद्राने आपदा मित्र ही योजना आणली आणि ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे ठरवले, त्यामागे हाच विचार आहे.

आम्ही कर भरतो, मग सरकारचे काम आम्ही का करायचे?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊ नये. मोठे भगदाड, मानशीची नवी झडप, चिऱ्यांचे अस्तर ही सरकारची किंवा संघाची कामे आहेत. ती गावाने फुकट करू लागले, तर पुढच्या वर्षी तरतूदच निघून जाते. गावाने पाहणी, लवकर सूचना आणि पहिल्या तासाची दुरुस्ती एवढेच घ्यावे. ज्या कामाला यंत्र, अभियंता किंवा वर्षभराची जबाबदारी लागते, तिथे अर्ज करावा आणि अर्जाचा पाठपुरावा करावा. पाठपुरावा ही सुद्धा स्वयंसेवा आहे, थोडी कंटाळवाणी पण फार मोलाची.

मजुराच्या पोटावर पाय येतो का? येऊ शकतो. पंचायतीचा कचरा रोज उचलणारे कामगार कमी करून तिथे स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या, तर तो सरळ अन्याय आहे. कसोटी सोपी आहे: हे काम करायला आज कोणी पगारी माणूस आहे का? असेल तर स्वयंसेवकाने त्याचे काम हलके करावे, त्याची जागा घेऊ नये. घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवणे याने कामगाराचे हात वाचतात, त्याची नोकरी जात नाही.

फोटोपुरते श्रमदान होते, ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय फोटो बंद करणे हा नाही. त्याच जागेचा तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढावा, पहिल्या शेजारी तो लावावा.

नोंदवही

हिशेबाची सुरुवात शाळेच्या साध्या दोनशे पानी वहीने होते. प्रत्येक कामाला अर्धे पान पुरते. तारीख आणि तिथी, भरतीची वेळ, जागा (मानशीपासून किती पावले), काय दिसले, काय केले, कोण किती वाजता आले आणि गेले, किती पाट्या माती लागली, किती खर्च झाला आणि तो कोणी केला, काय अपुरे राहिले. तिथी लिहिल्याने पुढच्या वर्षी उधाणाचा अंदाज येतो. आले-गेल्याची वेळ लिहिल्याने तास खरे निघतात, नाहीतर दोन तास थांबलेल्याचेही चार तास धरले जातात. थेट मदतीसाठी शेवटची वीस पाने वेगळी ठेवावीत: कोणाला दवाखान्यात नेले हे लिहायचे नाही, फक्त तारीख, तास आणि कामाचा प्रकार. मदत घेणाऱ्याचे नाव वहीत येऊ नये.

वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभांपूर्वी, त्या वहीवरून एका पानाचा गोषवारा काढावा. त्यात तीनच बेरजा असाव्यात: एकूण तास आणि त्यांची बदली किंमत, गावाने पदरचे केलेला खर्च, आणि आपल्या आवाक्याबाहेर म्हणून सरकारकडे पाठवलेल्या कामांची यादी, अर्जाच्या तारखेसह. एप्रिलचा गोषवारा सगळ्यांत महत्त्वाचा. पावसाआधी माती कोरडी असते, खड्ड्यात उतरता येते आणि उरलेली कामे उरकायला मे महिना हातात असतो.